बाहेर गेलंय

गुरुजी, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि माझा राग अजून उतरलेला नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी कुठे गोड बोलले तर तुम्ही फसायला नको. गावातले लोक अजून तुमचं नाव काढतात. वाचनालय तुम्ही उभं केलं, शाळेतून निवृत्त झाल्यावरही रोज संध्याकाळी पाच वाजता कुलूप उघडत होता, एक पैसा घेतला नाही, सगळं खरं आहे. मीही मान डोलावते. पण मला आठवते ती तुमची मागणीची वही, लाल कापडी पुठ्ठ्याची. एखादं पुस्तक दुसऱ्याकडे गेलेलं असलं की त्या वहीत नाव लिहायचं, आणि ते परत आलं की पहिल्या नावाला निरोप जायचा. तीन दिवसांत नेलं नाही तर नावावर काट. नियम सगळ्यांना सारखा, असं तुम्ही म्हणायचात.

ती कादंबरी आपल्याच खाडीकाठची होती. लिहिणारा आपल्याच तालुक्यातला, आणि त्यात मिठागरं आहेत, आमच्यासारखी माणसं आहेत, असं मी बाजारात कुणाकडून तरी ऐकलं होतं. मी एकोणीस वर्षांची. बाबा मिठागरावर, आईही, हंगामात मीही. आमच्यावर कुणी एवढं जाडजूड पुस्तक लिहिलंय हे मला खरंच वाटत नव्हतं. वहीत माझं नाव पहिलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दर सोमवारी मी येते, चपला बाहेर काढते, टेबलासमोर उभी राहते. तुम्ही रजिस्टरातून डोळे वर न करता म्हणता, "बाहेर गेलंय." दिवाळी गेली, शिमगा आला, तरी बाहेरच. एकदा मी विचारलं, कुणाकडे आहे, मी त्यांच्या घरी जाऊन मागते. तेव्हा तुम्ही डोळे वर केलेत. चार माणसं वर्तमानपत्र वाचत बसलेली, आणि तुम्ही म्हणालात, "मिठाचे हात घेऊन नव्या पुस्तकाला लागायचं नाही. पानं ओली होतात. तुझ्यासाठी खालच्या कपाटात भरपूर आहेत." खालच्या कपाटात पाठीची लक्तरं झालेली पुस्तकं होती. मी माझे हात पाहिले. बोटं भेगाळलेली होती, पण कोरडी होती, गुरुजी. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "गुरुजी खोटं न्हाय बोलनार. तुझंच काय तरी चुकलं आसल."

मग चैत्रात बाबांनी मला तुमच्याकडे मीठ पोचवायला पाठवलं, लोणच्यासाठी जाडं मीठ. आमच्यासारख्यांनी मागच्या दारानं यायचं, तशी मी आले. तुमच्या पत्नी, साऱ्या गावाच्या काकी, चुलीपाशी होत्या, तव्यात बांगडे होते. आणि फडताळावर, मसाल्याच्या डब्याशेजारी, ती कादंबरी पालथी उघडून ठेवलेली. कव्हर मला ओळखता आलं, कारण वाचनालयाच्या सूचनाफलकावर तुम्हीच त्याचं चित्र चिकटवलं होतं. काकींनी माझी नजर पाहिली. भिंतीला टेकवलेलं सूप उचलून त्यांनी पुस्तकावर ठेवलं, आणि मला म्हणाल्या, "मीठ तिकडं वत." मी ओतलं. पाणी दिलं ते प्यायले. घरी कुणालाच सांगितलं नाही.

माझं लग्न वैशाखात होतं. आदल्या सोमवारी मी शेवटची आले. तुम्ही वही उघडून दाखवलीत. माझ्या नावावर सरळ काट मारलेली. "तीन दिवस ठेवलं होतं, आली नाहीस." निरोप कुणाबरोबर पाठवलात, हे विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. मी उरणला गेले. तिकडे घराजवळ वाचनालय नव्हतं, आणि पुढे पुस्तकाच्या प्रतीही मिळेनाशा झाल्या. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी भात निवडत होते. निवडतच राहिले.

आता मी परत इकडेच आहे. नवऱ्यानं ट्रकचा धंदा इकडे आणला, आणि मी रेवस बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान टाकलं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन. शहरातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकं आता फोनवर मिळतात, त्याची कार्डंही मीच काढून देते. ती कादंबरीही तिथे आहे. पण गंमत अशी की फोनवरचं पुस्तकही एका वेळी एकालाच मिळतं. त्यांनी एकच प्रत घेतलीय. बाकीच्यांनी नंबर लावायचा. काकी मागच्या वर्षी दुकानात आल्या, वाशीच्या मुलानं दिलेला टॅब पिशवीत घालून, आणि हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे फोनवरचं पुस्तक झिजतं की काय?" मला हसू आलं. त्यांचा उजवा डोळा गेलाय, डाव्याची नजर उतरतेय. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलंय, जे वाचायचं ते येत्या गणपतीपर्यंत वाचून घ्या. छापील पुस्तक त्यांना दिसत नाही. टॅबवर चिंचोक्याएवढी अक्षरं केली की दिसतात. आणि त्यांना हीच कादंबरी पुन्हा एकदा वाचायची आहे. दुसरी कुठलीच नको म्हणाल्या.

आता ऐका मी काय केलं ते. आमच्यापुढे सतरा जण होते. त्यांच्या मागे मी आधी माझं नाव लावलं. मग नवऱ्याचं, ज्यानं आयुष्यात आरटीओच्या कागदांशिवाय काही वाचलं नाही. मग सुनेचं. आणि मग काकींचं. त्यांच्या कार्डाला नंबर माझ्याच फोनचा दिला, त्यांना मेसेज उघडता येत नाही म्हणून. माझा नंबर लागला तेव्हा मी ती कादंबरी पाच दिवसांत वाचली. मिठागरं दोन प्रकरणांतच आहेत. त्यात एक बाई आहे, ती मिठाच्या पाण्यात उभी राहून गाणं म्हणते, आणि मी दुकानात बसून रडले, गिऱ्हाइकाला सर्दी झालीय म्हणून सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी मला हे मिळायला हवं होतं. राहिलेले दिवस मी पुस्तक परत केलं नाही, मुदत संपेपर्यंत तसंच ठेवलं. नवऱ्याच्या कार्डावर एकवीस दिवस, सुनेच्या कार्डावर एकवीस दिवस, कुणी उघडलंसुद्धा नाही. काकी दर सोमवारी यायच्या, काठी दाराशी टेकवून विचारायच्या, "आलं का गं?" आणि मी फॉर्म भरता भरता सांगायचे, "बाहेर गेलंय." मला बरं वाटायचं, गुरुजी. लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटायचं.

काल दुपारी सुनेची मुदत संपली. लगेच मेसेज आला, काकींचा नंबर लागलाय, तीन दिवसांत पुस्तक घ्या, नाहीतर पुढच्याला जाईल. आज सोमवार. अकराच्या सुमारास काकी आल्या. मी फोन काउंटरवर पालथा ठेवला. त्यांनी विचारलं, मी उत्तर दिलं, डोळे वर न करता. नेहमीसारख्या त्या वळल्या नाहीत. काउंटरशी सरकून म्हणाल्या, "कुणाकडं आहे ते कळतं का गं यात?"

"नाही कळत, काकी."

"बरंय." त्यांनी हात पुढे करून चाचपडत माझा फोन शोधला, त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. "माझ्याजवळ सूप होतं," त्या म्हणाल्या. "दोन दिवसांत वाचून झालं होतं माझं. ह्यांना म्हटलं, त्या पोरीला द्या. म्हणाले, राहू दे." मग काठी घेतली आणि गेल्या. रिक्षात बसताना मागे वळून पाहिलं नाही, नाहीतरी एवढ्या लांबचं त्यांना दिसत नाही.

म्हणजे ते पुस्तक घरात ठेवून घ्या, असं तुम्हाला कुणी म्हटलंही नव्हतं. नुसतंच राहू दिलंत. इतकी वर्षं मी राग तुम्हा दोघांत वाटून ठेवला होता, आता सगळा तुमच्याकडे आला, आणि तुम्ही तर नाही आहात. पुस्तक घ्यायचं बटण एकदाच दाबायचं असतं. परवा दुपारपर्यंत वेळ आहे. संध्याकाळचे पाच वाजलेत, तुमची कुलूप उघडायची वेळ. मी अजून दाबलेलं नाही.