वीस किलोचा रोबो

५ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. रोबो टीमच्या कॅप्टनचे विचार कुठंतरी नोंदलेले हवेत. स्पर्धा २ फेब्रुवारीला, साताऱ्यात. फायनलच्या टीमचे इंटरव्ह्यू एक कंपनी तिथंच घेणार. आमचं शेवटचं वर्ष. माझं काही ना काही होईल, पण सिद्धूला अजून एक कॉल नाही. जतकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरचा. त्याची नोकरी आता माझ्या हातात आहे.

८ जानेवारी
सिद्धूनं चॅसीचं ड्रॉइंग आणलं. ॲल्युमिनियम, सगळीकडं नटबोल्ट. म्हणे, ऐनवेळी काही काढायचं झालं तर काढता येतं. काढायला लागेल असं बनवायचंच कशाला? वडील सतरा वर्षं फौजेत होते, आमच्यात लेचंपेचं चालत नाही. लोखंडी चॅनेल, पक्कं वेल्डिंग. सिद्धूनं ड्रॉइंग घडी करून खिशात घातलं. पटलं असणार.

१५ जानेवारी
पलूसला केरबा मिस्त्रींनी फ्रेम वेल्ड केली. ते उसाच्या ट्रॉल्या बांधतात. म्हणाले, हिच्यावर ऊस भरला तरी हलायची न्हाई. छाती फुगली.

२३ जानेवारी
चाकं, मोटरा, उचलायचा हात, सगळं बसलं. सिद्धूला एकट्याला उचलताना धाप लागली. मजबुती! उत्कर्षा प्रोग्रॅम लिहिते आणि उरलेल्या वेळात खोडी काढते. वजनाची मर्यादा पंचवीस किलो आहे म्हणून मागं लागलीय.

२५ जानेवारी
रोबो ट्रॉल्यांच्या वजनकाट्यावर नेला. रीतसर लाइनीत. ड्रायव्हर लोक हसत होते. आकडा वीस! पाच किलो शिल्लक! उत्कर्षा म्हणते, हा काटा वीस-वीस किलोनंच सरकतो, वीसनंतर थेट चाळीस, किराणा दुकानात मोजू. टनांनी ऊस मोजणाऱ्या काट्याला एक रोबो जड? सिद्धूनं एवढंच विचारलं, तू नीट बघितलंस ना? बघितलं, म्हणालो. त्यानं परत विचारलं नाही.

१ फेब्रुवारी
सिद्धूनं इंटरव्ह्यूसाठी भावाचा पांढरा शर्ट आणलाय. आईनं पाठवलेला बिरोबाचा भंडारा त्यानं चॅसीला लावला. मी फोटो काढले.

२ फेब्रुवारी, सकाळी १०.४०
एकोणतीस किलो चारशे. यांचा काटा बिघडलाय. दुसऱ्या टीमचा रोबो ठेवायला लावला. त्यांचा बरोबर आला. आम्हाला तासभर मुदत.

११.३५
उचलायचा हात काढला, कव्हर काढलं. सव्वीस किलो शंभर. सिद्धू पाना घेऊन गुडघ्यांवर फ्रेमभोवती फिरतोय, शर्टाला ग्रीस. शेवटी वर बघून म्हणाला, "इंद्या, ह्यात सुटनारं कायच न्हाई रं." मी घड्याळ बघितलं.

दुपारी ३
बाद. शेजारच्या हॉलमध्ये इंटरव्ह्यू चालू झाले. सिद्धू नळावर शर्ट धूत होता. जवळ जायचं धाडस झालं नाही.

९ फेब्रुवारी
वजनाचा नियमच अन्यायकारक आहे, असा रिपोर्ट लिहिला. सिद्धू गावी गेलाय, फोन उचलत नाही. तिकडं रेंज नसते.
फ्रेम केरबा मिस्त्रींना देऊन टाकली होती. आज बघितलं, त्यांनी तिच्यावर पाण्यानं भरलेलं बॅरल ठेवलंय. फोटो काढून सिद्धूला पाठवला. खाली लिहिलं, बघ, जरासुद्धा वाकली नाही.
मग लाज वाटली. मेसेज पुसायला गेलो.
त्यानं वाचला होता.