पान दोनशे बारापर्यंत लाल

१७ एप्रिल १९७९, मंगळवार

अण्णाने – सख्ख्या भावाने – माझे लाल दोरे कापले! एकूण एक! बिडीची कात्री घेऊन बसला आणि विहारातल्या आमच्या वाचनालयाच्या चौसष्ट पुस्तकांच्या पाठीवरचे दोरे कापून टोपलीत टाकले. मी शाळेत शिकवून आले तर विहाराच्या पायरीवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होता. जसा काही केर काढला!

भांडण जोरात झालं. पेपर वाचायला आलेला रवळू पेपर टाकून बघत उभा राहिला.

अण्णाचं म्हणणं – सामाजिक, ऐतिहासिक, रहस्य, अनुवाद. चार फळ्या, चार चिठ्ठ्या. तो पोस्टात टपाल लावतो तशी पुस्तकं लावायची; ज्याला जे हवं ते त्याने न्यायचं. माझं म्हणणं – कादंबरी कशावर आहे हे विचारूच नका. ती मिटल्यावर माणूस काय करतो ते विचारा. उठतो की लवंडतो? उठवते ती लाल. लवंडवते ती पांढरी. आणि मालकाच्या मुलीचं गड्याशी लग्न लावून सगळं गोड करते तिला काळा दोरा. ती कुणी मागितली तरी मी देत नाही. "पुढचं कुठलं वाचू?" असं कुणी विचारलं की मला त्याच्या हातात हत्यार द्यायचं असतं. चॉकलेट नाही.

"आणि ह्ये काय?" अण्णाने एकशे सत्तेचाळीस नंबरचं पुस्तक नाचवलं. आत माझी चिठ्ठी – पान २१२ पर्यंत लाल. पुढे वाचू नये.

"खरं तेच लिहिलंय."

"पुस्तक म्हंजे काय कापड हाय का गं? पायजे तेवढं फाडून द्यायला?"

आहे! पाहिजे तेवढंच द्यावं. कालव्याच्या कामावरच्या बायकांची ही कादंबरी. मुकादम त्यांना तुडवतो. त्याच्या लाथेने चंद्रीचं पोटातलं मूल जातं. दोनशे बाराव्या पानावर बायका त्याला खड्ड्यात गाठतात आणि चंद्री डोक्यावर धोंडा उचलते. इथवर वाचताना माझ्या अंगाची आग झाली होती. आणि पुढे त्रेचाळीस पानं काय? चंद्री धोंडा खाली टाकते! त्याला पाणी पाजते! तोही गुत्तेदाराचा गुलाम, त्यालाही म्हातारी आई, आणि मग सगळे मिळून गुत्तेदाराकडे जातात. लेखक घाबरला, दुसरं काय.

सगळे दोरे परत बांधले. बोटं कापली.

२० एप्रिल, शुक्रवार

सुट्टी लागली, कारखान्यात वाचन सुरू. दोन वर्षांचा रिवाज. मालकाने परवानगी दिली ती काही वाङ्मयप्रेमाने नाही. कुणी वाचत असलं की बायका बोलत नाहीत आणि बिड्या जास्त होतात. त्याला वाटतं मी त्याचं काम करते. वाटू दे.

पत्र्याची शेड, ऐंशी बायका, मांडीवर सुपं. तंबाखूच्या धुळीने तासाभरात घसा धरतो. मध्ये तट्ट्याची आडभिंत. तिच्यापलीकडे चेकर कल्लाप्पा बसतो. बायकांनी वळलेल्या बिड्या तपासायचं त्याचं काम. ज्या नापास करतो त्यांना छाट म्हणतात. एखाद-दुसरी बाईच्या देखत चुरगाळून तोंडावर फेकतो, बाकीच्या बिनमजुरीच्या ठेवून घेतो. बोलेल तिला लाथ. शेडमध्ये त्याची लाथ न खाल्लेली बाई शोधावी लागेल.

आज एकशे सत्तेचाळीस काढलं.

"कसलं बुक बाई?" तानीबाईने विचारलं.

"मुकादमाचं."

"आगं बया! हितं एक हाय त्यो कमी पडला व्हय?"

सगळी शेड हसली. तट्ट्यापलीकडून तो खेकसला, "हात चालवा!"

तीस पानं झाली.

२४ एप्रिल, मंगळवार

यल्लव्वा वीस वर्षांची असेल. दिवस गेलेत, पाचवा महिना. बिड्या दाखवायला गेली. कल्लाप्पाने अर्ध्या छाट केल्या. ती म्हणाली, "आप्पा, ह्यात काय वाईट हाय ते तरी दाव की." त्याने सूपच उचलून तिच्या कपाळावर हाणलं. काठाची पत्र्याची पट्टी लागली. भुवई उघडी पडली – आतलं पांढरं दिसलं मला. ती खाली बसली तरी त्याने पायाने ढकललीच.

रक्त बिडीच्या पानांवर सांडलं. कल्लाप्पा म्हणाला, "ती पानं बाजूला काढा. भिजली."

पानं!

सुलाबाईने आपला पदर फाडून यल्लव्वाचं डोकं बांधलं. सुलाबाई कधी जास्त बोलत नाही. परत जागेवर बसून कात्री चालवायला लागली. मी पुढचं पान वाचलं. माझा आवाज शेडभर घुमला. चंद्रीला लाथ बसते तेच पान होतं. मी ओळ वगळली नाही. दोनदा वाचली.

२५ एप्रिल

सुटल्यावर फाटकासमोर बोलले. स्टुलावर उभी राहून. "हे हात बिडी वळायला दिलेत, तसेच मूठ वळायलाही दिलेत!" टाळ्या. सुलाबाई टाळ्या न वाजवता घरी गेली.

२७ एप्रिल, शुक्रवार

आज दोनशे बारा आलं.

मी उभी राहून वाचलं. खड्डा, कडेने बायका, मध्ये मुकादम, चंद्रीच्या डोक्यावर धोंडा. एकेक शब्द सुटा. कात्र्या थांबल्या. ऐंशी कात्र्या एकदम थांबल्या की काय शांतता होते! पावणेतीनशे सभा केल्या असतील मी, बेळगावच्या कॅम्पापासून निपाणीच्या बाजारापर्यंत. अशी शांतता नाही मिळाली.

पुस्तक मिटलं.

"पुढं वाचा की बाई!" तानीबाई.

"पुढे काही नाही," मी म्हटलं. "पुढचं तुम्ही लिहायचं."

खोटं बोलले. वक्त्याला कुठे थांबायचं ते कळायला हवं. लेखकाला कळलं नाही, मला कळलं.

२८ एप्रिल, शनिवार

झालं! आजच लिहायला हवं.

दहाच्या सुमारास यल्लव्वा कपाळाला पट्टी बांधून आली. तीन दिवस खाडा. कल्लाप्पा तट्ट्यातून बाहेर आला आणि म्हणाला, "आता कशाला आलीस? पोट दाखवायला?" आणि तिच्या पोटाला पायाचा अंगठा लावून ढोसलं. जोरात नव्हे. जनावराला उठवतात तसं.

सुलाबाई उठली. कुणाला हाक नाही, काही नाही. ओंजळभर तंबाखूची भुकटी घेतली आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत चोळली. तो "यव्वा!" करून ओरडला. मग सगळ्या उठल्या. सुपं, पाट, वजनाची मापं, जे हाताला येईल ते. तानीबाई छातीवर बसली होती. तो आंधळेपणी हात फिरवत होता, त्या हातांवर त्या पाट मारत होत्या. बोटं मोडल्याचा आवाज आला – वाळली काटकी मोडावी तसा. सुलाबाईने कात्री त्याच्या उजव्या डोळ्यात घातली. काढली. पुसली. आपल्या सुपात ठेवली.

मी दारात उभी होते. हातात पुस्तक होतं. "थांबा" हा शब्द माझ्या तोंडात आला नाही. दुसराच आला – "बघा!" कुणाला म्हणाले कुणास ठाऊक. माझं सगळं अंग आनंदाने पेटलं होतं. हे इथे लिहिते कारण इथे खोटं लिहिणार नाही.

२९ एप्रिल, रविवार

सुलाबाई, तानीबाई आणि आणखी दोघी चिकोडीच्या तुरुंगात. कारखान्याला कुलूप. बाजारात सभा घेतली. हजारभर माणूस. "एका कादंबरीने हे केलं!" असं म्हणाले. खूप वेळ टाळ्या.

अण्णा सभेला आला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "कादंबरी बाहीर हाय. त्या आत हायत."

३० एप्रिल

जेवण गेलं नाही.

२ मे, बुधवार

बेळगावला गेले. का गेले ते विचारू नये. इस्पितळात कल्लाप्पा खाटेवर. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, हातांना फळ्या. एक डोळा गेला, दुसऱ्याचीही आशा नाही म्हणतात. काकतीकडची कुणी पाहुणी डबा घेऊन बसली होती. त्याची बायको नागुबाई पायाशी. तिने मला ओळखलं नाही. मी "निपाणीहून आलेय" एवढंच म्हटलं.

आणि तो म्हणाला, "बाई का? आवाज वळखला की. हप्ताभर ऐकलाय."

मी खाटेचा गज धरला.

नागुबाई म्हणाली, "ह्ये रोज घरी येऊन बुक सांगायचे. जेवताना. आज चंद्रीचं आसं झालं, आज तसं झालं. पोरं जेवायची थांबत. रागानं एकदा ताट ढकललं ह्यांनी, म्हणाले, ह्या मुकादमाला ठेचला पायजे!"

"तट्ट्याच्या आडनं सगळं ऐकू येतंय," तो म्हणाला. "शेवट तेवढा ऱ्हायला. बाई, त्याला मारला का सोडला?"

मी. पावणेतीनशे सभा. कुजबुजत म्हटलं, "सोडला. चंद्रीने धोंडा टाकून दिला. पाणी पाजलं त्याला."

तो हसला. ओठ फाटलेला, तरी हसला. "आजारी माणसाला गोड सांगायलासा व्हय बाई? असू दे."

पुस्तक पिशवीत होतं. काढून पान दाखवावं म्हटलं – आणि मग लक्षात आलं कुणाला दाखवणार.

३ मे, गुरुवार

ठरवलं. पोलिसांना लिहून द्यायचं. बायकांना मी चिथावलं. शेवट ठाऊक असून चोरला. कात्री सुलाबाईची असेल, हात माझा आहे. जबाब चार पानी झाला. चांगला झालाय. वाचून अण्णाला दाखवला.

"भाषण झालंय," तो म्हणाला.

"खरं आहे त्यातलं सगळं!"

"मग दे जा. नोकरी जाईल, आत जाशील, ती पुढची गोष्ट. पण आधी त्या चौघींना ऱ्हायलेली पानं वाचून दाखीव. त्यांचं येणं हाय तुझ्याकडं."

मी म्हटलं, "ती ऐकून त्या माझ्यावर थुंकतील."

"थुंकू दे की. हक्क हाय त्यांचा."

त्रेचाळीस पानं परत वाचली. वाईट नाहीत. चंद्री धोंडा टाकते ते घाबरून नव्हे – तिचे हात थरथरत नाहीत, लेखकाने स्पष्ट लिहिलंय. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे वाक्य मला दिसलंच नव्हतं.

५ मे, शनिवार

चिकोडी. गजांपलीकडे चौघी. जबाब पोलक्यात, पुस्तक हातात. सुलाबाईला म्हटलं, "मी तुम्हाला फसवलं. पुढे त्रेचाळीस पानं आहेत. चंद्री त्याला मारत नाही."

"ठाव हाय की," ती म्हणाली. "माझ्या पोरीनं, अंजनीनं मागल्या दिवाळीतच समदं वाचून दाखवलतं. आख्ख्या गल्लीनं ऐकलंय."

तानीबाई म्हणाली, "तुमी मधीच मिटलासा तवा आमाला वाटलं, बाईंचा घसा बसला."

"मग – ठाऊक असून?"

"चंद्री तिची ती," सुलाबाई म्हणाली. "म्या माझी."

मी जबाब काढला, तिला वाचून दाखवला. ती गजातून हात घालून कागद घेऊन उभी राहिली. वाचता येत नाही तिला. तरी बराच वेळ बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "त्यानं बारा वरसं छाट म्हणून माझ्या बिड्या घेतल्या. आता ह्ये माझ्या हातानं केल्यालं बी तुमी घ्यायलासा व्हय?"