मान मीच हलवली होती

मी झुलीखा बेनअवदा, वय एकाहत्तर, राहणार सीदी एल हुआरी, ओरान, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात उरलंय कोण?

१. दोन खोल्यांचं हे घर मुलगी नजात आणि भाऊ मिलूद यांना शरियतप्रमाणे जाईल. त्यात मला बोलायला जागा नाही. मिलूद, माझी पहिली कॅसेट निघाली तेव्हा तू म्हणालास, "गा हवं तर, पण आपल्या घरच्या बाईचं थोबाड दुकानात टांगलेलं मला दिसता कामा नये." म्हणून माझ्या तेवीस कॅसेटींवर कॅलेंडरातली कुणी सोनेरी केसांची बाई छापली गेली. तेव्हा गाणाऱ्या बहुतेक बायकांचं असंच व्हायचं. आणि गच्चीवर लपून त्याच कॅसेटी तू ऐकायचास! असो. वाटा घे.

२. मला मोकळेपणी देता येतो तो एक तृतीयांश, म्हणजे अकॉर्डियन, डफ आणि शिवणयंत्र, बूझियानला. चाळीस वर्षं तो माझा बर्राह होता. हे गाणं कुणाकडून, कुणासाठी, ते मध्येच ललकारून सांगणं हे त्याचं काम. कुणी खूण केल्याशिवाय त्याने कधी तोंड उघडलं नाही.

३. एकोणीस वह्या. वारसाला मृत्युपत्राने जास्तीचं देता येत नाही, म्हणून मी त्या देत नाही, परत करते. नजात, त्या तुझ्याच शाळेच्या आहेत. पुढे तुझी गणितं, मागे माझी गाणी. कोरा कागद घरात दुसरा नसायचा.

४. आता जे सांगायला अकरा वर्षं धीर झाला नाही ते. तुझ्या लग्नाआधी तू म्हणालीस, "आई, तू गातेस हे सासरी माहीत नाहीये. तू फक्त पाहुणीसारखी बस ना." मी बसले. मग भाड्याने आणलेल्या पोरीने माझंच गाणं धरलं, तू नाचायला लागलीस, आणि बूझियान ओरडला, "नवरीच्या आईकडून! गाणंही तिचंच!" तुझ्या सासूच्या हातातला पेला तसाच राहिला. त्या दिवसापासून तू या दारात आली नाहीस. मी सगळ्यांना सांगितलं, म्हातारा चळला. त्यानेही ऐकून घेतलं. पोरी, मान मीच हलवली होती. एकदा, फक्त एकदा, तुझ्यासमोर माझं नाव घेतलेलं मला ऐकायचं होतं. तुझा संसार त्यात पोळला. मला माफ कर.

५. मी गेल्यानंतर चाळिसाव्या दिवशी कुसकुस वाढून झाल्यावर बूझियानने दारात उभं राहावं. नजात आली असेल आणि तिने मान हलवली, तरच त्याने एकदा ओरडावं, "नजातकडून, तिच्या आईसाठी!" नाही हलवली, तर त्याने कॉफी पिऊन गुपचूप घरी जावं. तिला कुणी एक शब्द बोलायचा नाही.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, सही माझीच.

झुलीखा बेनअवदा
साक्षीदार: हमीदा तहराउई, शेजारीण
लखदर मेझियान, औषधवाले
ओरान, ९ मार्च २०१९