व्हॉल्व्ह ओळखण्याची परीक्षा

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, म्हणून कागदावरच). आपली तब्येत ठणठणीत असेल आणि मामींची कंबर आता त्यांचं ऐकत असेल. इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून.

मामा, मी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. काय सांगू तुम्हाला, काचेच्या नळ्या, आत निखाऱ्यासारखी लाली, आणि आवाज असा की गाणारी बाई आपल्याच सोफ्यावर येऊन बसली आहे (हे मी घरात मोठ्याने बोललो, ती पहिली चूक). तुम्ही लग्नात दिलेला ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर दणकट आहे, कधी कुरकुरला नाही. पण आवाज, राग मानू नका, कोरडा. हे मी हिला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही सांगितलं. प्लंबरला पटलं. ही म्हणाली, तिला दोन्ही सारखेच ऐकू येतात आणि हॉलमध्ये दोन धुडं राहणार नाहीत. डोळे बांधून ओळखलं तर व्हॉल्व्ह राहील, नाहीतर रविवारी घराबाहेर.

मी एका पायावर तयार झालो. कारण (हे तुमच्या-माझ्यात) मला कानांची गरजच नव्हती. व्हॉल्व्ह चांगलाच तापतो, जवळ बसलं की गालाला धग लागते. ट्रान्झिस्टर आपला थंडगार. मी स्टुलावर बसलो, हिने डोळ्यांना ओढणी बांधली, समोर मशीन आणून ठेवलं, गाणं लावलं. थोड्या वेळात उजव्या गालाला ऊब आली. मग मी काय थांबतो, मामा? तोंडाचा पट्टाच सुटला. हा ओलावा, हा जिव्हाळा, ट्रान्झिस्टरच्या सात पिढ्यांना जमणार नाही, वगैरे. ओढणी सोडली तर समोर तुमचा ट्रान्झिस्टर गात होता आणि त्याच्या शेजारी तापलेली इस्त्री उभी होती. व्हॉल्व्ह आत पलंगावर गार पडला होता. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. संसार म्हणतात तो हा; हिला माझा गालसुद्धा पाठ आहे.

आपला भाचा

ता. क. एक विनंती. तुम्ही हिला फोन करून तुमचा ट्रान्झिस्टर परत मागा. मग सासूबाईंची सकाळची गाणी बंद पडतील आणि व्हॉल्व्हला ठेवून घ्यावंच लागेल. माझं नाव मध्ये येऊ देऊ नका.

पुन्हा ता. क. फोन राहू द्या. वरचं लिहिताना हॉलमध्ये गाणं चालू होतं, आवाज इतका गोड की हात थांबला. म्हटलं, शेवटी व्हॉल्व्ह तो व्हॉल्व्ह. उठून पाहिलं तर व्हॉल्व्हचा प्लग काढून तिथे इस्त्री लावलेली, आणि गात होता तो तुमचाच. ही माझा शर्ट इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "मामांना माझाही नमस्कार लिही."