लाल बयेचं फुकटचं इंजिन

४ मार्च, मंगळवार

आज आलेलं: गाडी ओढून नेणाऱ्याचं बिल, साडेचार हजार. वर्कशॉपची तपासणी फी, दोन हजार, परत मिळणार नाही असं वर ठळक अक्षरांत. ह्यांच्यासाठी डोकेदुखीच्या गोळ्या, बारा. फ्लॉवर एक, पंचवीस. फ्लॉवर आतून किडका निघाला. दिवसही.

काल भर चौकात सिग्नल हिरवा झाला आणि ती बया बंद पडली. बया म्हणजे ह्यांनी निवृत्त होताना मिळालेल्या रकमेतून, मला एका शब्दानं न विचारता घरात आणलेली लाल स्पोर्ट्स कार. दोनच सीट. डिकीत धड पिठाचा डबा मावत नाही. बसायचं तर विहिरीत उतरल्यासारखं उतरायचं. हे चालवत होते, मी शेजारी. आधी खडखड, मग धूर, मग मागच्या सगळ्यांचे हॉर्न. हे खाली उतरले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले, जसा कुणी तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतो. भर रस्त्यात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्कशॉपवाले म्हणतात इंजिनच गेलं. दोन वर्षांत. आमचा मिक्सर एकोणीस वर्षं चालतोय आणि त्याला कुणी पॉलिश करत नाही.

नोंद: शनिवारी ह्यांची दुपारची झोप चालू असताना, बॅटरी उतरू नये म्हणून मी टेकडीवरच्या देवळापर्यंत एक चक्कर मारली होती. तेव्हा टकटक येत होती, ती डिकीतल्या रिकाम्या बरण्यांची. आवाज पुढून येत होता खरा, पण बंद गाडीत आवाज फिरतो. ह्यांना सांगण्यासारखं त्यात काही नाही.

५ मार्च, सकाळ

चहाच्या वेळी ह्यांनी स्वतःहून कबूल केलं. गेल्या महिन्यात वन्संकडे एकटे गेले होते तेव्हा हायवेवर एकशेसाठला नेली. त्यानंच इंजिन गेलं असणार. वय वर्षे एकसष्ट. शिसारी आली. पोळ्या तव्यावर करपल्या, तरी बोलणं थांबवलं नाही. हे मान खाली घालून एवढंच म्हणत राहिले, चुकलं माझं.

लोखंड तापलंय तोवर शब्द घेतला. वॉरंटीत इंजिन मिळालं की बया विकायची, पैसे मुदत ठेवीत. हे हो म्हणाले. इतकं हळू म्हणाले की पुन्हा म्हणवून घेतलं.

देवाला नवस बोलले: इंजिन फुकट मिळालं तर महिनाभर चहातली साखर सोडीन. डॉक्टरांनीही तेच सांगितलंय, पण देवाला ते माहीत असायचं कारण नाही.

८ मार्च, शनिवार

वर्कशॉपला गेलो. वर्कशॉप कसलं, हॉटेलच. सगळीकडे काचा, थंडी, आणि पॉलिशचा असा वास की जीभ कडू पडावी. फुकटची कॉफी मशीनमधून खाकरल्यासारखी कपात पडते. तीन कप प्यायले. फी वसूल नको का व्हायला?

आमच्या वाट्याला एक टायवाला आला. त्याचा टाय गुडघ्यापर्यंत, आणि हसू कानापर्यंत. मला काकू म्हणतो, ह्यांना सर. ह्यांनी सरांसारखं काय केलंय ते विचारावंसं वाटलं. त्याचं म्हणणं, कंपनीचा तपासनीस येईल, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं नोंदलेलं असतं ते वाचेल, आणि गाडी कुणी शर्यतीसारखी पिटाळली असेल तर वॉरंटी रद्द. नव्या इंजिनाची किंमत त्यानं कागदावर लिहिली आणि कागद उलटा करून सरकवला. वाचून मी कागद परत उलटा ठेवला. घराचं छप्पर तेवढ्यात दोनदा होतं.

हे पांढरेफटक पडले. मी टेबलाखालून पाय दिला.

ठरलं: बोलायचं मी. गाडी चाळिसाच्या वर गेलेलीच नाही असं ठणकावून सांगायचं. माझ्या हातात असताना ती खरंच गेलेली नाही, तेव्हा माझ्या तोंडून ते खोटं होत नाही. देवाला फरक कळतो.

११ मार्च

गाडीचं माहितीपुस्तक वाचायला घेतलं. चारशे पानं, बारीक अक्षर, सगळं इंग्रजी. मॅट्रिकला इंग्रजीत बासष्ट मार्क होते, घाबरतंय कोण. शेजारी डिक्शनरी.

वेगाच्या काट्याजवळ एक खाली तोंड केलेला बाण लागतो. मला वाटायचं, पेट्रोल वाचतंय त्याची ती खूण. पुस्तकात लिहिलंय, खालचा गिअर टाका. मी दुसऱ्यातून सरळ सहाव्यात टाकते, कारण गिअरचा आकडा मोठा तितकं पेट्रोल कमी, हे मी लग्नाआधी भावाच्या पावाच्या व्हॅनवर गाडी शिकले तेव्हापासून माहीत आहे. म्हणजे बाण माझ्यासाठी नाही, उधळ्या लोकांसाठी आहे. शिवाय पुस्तकात तो सूचना म्हणून आहे, सक्ती म्हणून नाही.

सावकाश चालवू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. आपली बाजू भक्कम.

१५ मार्च

एकटीच बसनं वर्कशॉपला जाऊन आले. गाडीतली पायपुसणी चोरीला जातात असं ऐकलंय. जागेवर होती. आत कुणी सिगरेट ओढली असेल तर कळावं म्हणून दार लावून थोडी बसले. बॉनेट उघडं, आतून सगळं काढलेलं, नळ्या लोंबतायत. बघवेना. घाण दिसत होतं म्हणून.

एक माळ जप तिथेच उरकला. घरी फोन, बेल, ह्यांचं खोकणं. एकाग्रता होत नाही. टायवाल्यानं काच वाजवून विचारलं, काकू, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, पायपुसणी मोजतेय. डोळ्यांत त्या पॉलिशचं काहीतरी गेलं होतं, ते त्याला दिसायचं काय कारण होतं?

१९ मार्च

वन्संचा फोन. "काय वहिनी, दादाचं खेळणं मोडलं म्हणे?" असं म्हणून जे हसायला लागल्या ते थांबेनात. सख्ख्या भावाच्या दुःखावर. किळस आली.

मी थंडपणे सांगितलं, इंजिन मिळालं की विकतोय. त्यावर म्हणाल्या, त्यांच्या दातांच्या डॉक्टरबाईंना हुबेहूब अशीच हवी आहे, लालच, तुमचा नंबर देऊ का? मी म्हटलं, द्या की. आजच द्या. दात काढणारी बाई आणि स्पोर्ट्स कार. दाढेचे दर का चढलेत ते कळलं.

फोन ठेवल्यावर मन एकदम हलकं झालं. जेवण गेलं नाही, पण ते फ्लॉवरमुळे.

२४ मार्च, दुपार

तपासनीस आला. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर. वायरनं बयेला लॅपटॉप जोडला. मी उभी राहिले आणि सांगितलं, ही गाडी चाळिसाच्या वर गेलेली नाही. तो म्हणाला, एक दिवस सोडला तर ते दिसतंय, तोच तर घोळ आहे.

मग वाचत गेला. एकशेसाठ एकदाच, जेमतेम मिनिटभर. त्यानं काही होत नाही, गाडी त्यासाठीच बनवली आहे. हे खुर्चीत पुढे सरकून बसले. पुढे म्हणाला, दुसऱ्या किल्लीनं मात्र गाडी जवळजवळ रोज निघते. दुपारी. सीट अगदी पुढे ओढलेली. मोठा चढ, तीसचा वेग, सहावा गिअर. पिस्टनला तडा त्यानं गेलाय.

"तीस वर्षांत असं चालवणारं माणूस पाहिलं नाही," तो म्हणाला. "कोण चालवतं?"

टायवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी पाहिलं नाही.

मी म्हटलं, बॅटरी उतरू नये म्हणून. तो म्हणाला, बॅटरी उत्तम आहे.

तरी डगमगले नाही. पुस्तक समोर टाकलं आणि म्हटलं, चढावर सावकाश जायची बंदी कुठल्या पानावर आहे ते दाखवा. त्यानं पानं उलटली, पुन्हा उलटली, दोन्ही चष्मे लावले. सापडली नाही. शेवटी सही केली. नवं इंजिन मंजूर, सगळं फुकट. ती बंदी पुढच्या आवृत्तीत घालायला सांगतो म्हणाला.

म्हणजे इंजिन मिळालं ते माझ्या सावकाश चालवण्यामुळे. हे कुणी बोलून दाखवलं नाही. लोक कृतघ्न असतात.

२४ मार्च, संध्याकाळ

घरी आल्यावर चहा ह्यांनी स्वतः केला, पातेलं घासूनही ठेवलं. मग विचारलं, "रोज?"

मी म्हटलं, बॅटरीसाठी.

"सांगायचंस ना. मीही आलो असतो."

मी सांगितलं, दोन माणसांच्या वजनानं पेट्रोल जास्त जातं. गेले तीन आठवडे हे घरात मांजरासारखे वावरत होते, मी म्हणेन त्याला मान डोलवत होते. ते आता संपणार असं दिसतंय. वाईट वाटलं. घराला शिस्त लागली होती.

२६ मार्च

डॉक्टरबाईंचा फोन. ह्यांनी उचलला, किंमत ऐकली, आणि फोन छातीशी धरून माझ्याकडे वळले.

"विकायची ना मग?"

मला वाटलं, हे पुढे काही बोलतील. दोन वर्षं जिला शालीनं पुसलं तिच्यासाठी माणूस एवढं तरी म्हणेल की नको. मी ओरडले असते, खर्च काढला असता, आणि शेवटी नाइलाजानं गप्प बसले असते. सगळं तयार होतं. पण हे बोलेचनात. नुसते उभे, माझ्या तोंडाकडे बघत. अर्धी उस्तवार बायकोवर टाकायची खोड पहिल्यापासूनची.

मी म्हटलं, "शब्द म्हणजे शब्द."

हे फोनवर म्हणाले, या रविवारी नाही, पुढच्या.

मीठ भाजीत दोनदा पडलं. ह्यांनी मुकाट्यानं खाल्लं, त्याचाही राग आला.

५ एप्रिल, शनिवार

आज आलेलं: इंजिन एक, नवं कोरं, बसवून. बिल शून्य. आयुष्यात पहिल्यांदा शून्याची पावती हातात आली. फ्रेम करावीशी वाटली, पण फ्रेमचे दर विचारले.

नवस सुरू. बिनसाखरेचा चहा म्हणजे भांडी विसळल्याचं पाणी.

दुपारी हे झोपले नाहीत. गॅरेजच्या दाराशी येऊन म्हणाले, चल, एक चक्कर. शेवटची. मी म्हटलं, उद्या गिऱ्हाईक येतंय, किलोमीटर कशाला वाढवायचे? हे गेले नाहीत. मीही नाही. दोघांनी मिळून काचा पुसल्या. आधीच पुसलेल्या होत्या.

६ एप्रिल, रविवार

डॉक्टरबाई आल्या. वय पस्तीस, नखं बारीक कापलेली, चप्पल दाराबाहेर काढून आत आल्या. नावं ठेवायला काही सापडेना, त्यानं डोकं उठलं.

चालवून बघायला निघाल्या, हे शेजारी बसले. मी फाटकाशी. कोपऱ्यापर्यंत सावकाश गेल्या आणि मग कोपऱ्यापलीकडून तो आवाज आला. आधी खर्ज, मग चढत चढत असा मोकळा की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. रोज तिला घेऊन टेकडी चढले, पण तिच्या घशात हे आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

परत आल्या तेव्हा ह्यांचे केस उभे होते आणि हे हसत होते. गाडी थांबली तसं हसू उतरलं.

कागद झाले. आतून इतकी स्वच्छ कुणी ठेवली, असं बाईंनी विचारलं. हे म्हणाले, हिनं. मी म्हटलं, मला गाड्यांत काडीचा रस नाही.

बाई फाटकाबाहेर जाताना वळून हात हलवून गेल्या. मी घरात आले. दूध उतू जात होतं. गॅसवर दूध नव्हतं, पण तसा वास आला खरा.

९ एप्रिल, बुधवार

चेक वटला. मुदत ठेव केली. व्याजदर कालपासून पाव टक्का उतरलाय. बँकेतली मुलगी म्हणाली, परवा यायला हवं होतंत. तोंड बघण्यासारखं होतं तिचं.

गॅरेजमध्ये जुने डबे, शिडी आणि पाण्याची टाकी हलवायची होती. किती जागा झाली बघा, असं मी सकाळपासून म्हणतेय. दुपारी बघायला गेले तर हे आधीच तिथे, स्टुलावर बसलेले, समोर रिकामी फरशी. मला बघून अर्धं स्टूल मोकळं केलं. मी बसले. तिथे गार असतं. डबे हलवायचे राहिले.

थोड्या वेळानं हे म्हणाले, "तू नको म्हणशील असं वाटलं होतं."

मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही म्हणाल."

ह्यावर दोघांनाही हसू आलं, आणि मग ते फार बरं वाटेना.

उठून आत आले आणि डॉक्टरबाईंना पत्र लिहिलं. फोन करता आला असता, पण फोनवर माझा आवाज हल्ली बसतो, धुळीमुळे. मजकूर इथे उतरवून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको की मी हातापाया पडले.

सा. न. वि. वि.

गाडी सुखरूप असेल अशी आशा आहे. तिला उन्हात उभी करू नये, रंग नाजूक आहे. आठवड्यातून एकदा तरी लांब न्यावी, आवाज पूर्ण निघेल इतकी. आमचं तिच्याविना उत्तम चाललं आहे. केवळ चौकशी म्हणून लिहिते: आपला विचार बदलला, किंवा दवाखान्याच्या धावपळीत तिच्याकडे बघायला वेळ होत नाही असं वाटलं, तर दुसऱ्या कुणाशी बोलण्याआधी आम्हाला विचारावं. मुदत ठेव मोडायला दंड बेताचा आहे, मी आजच विचारून आले. घाई मुळीच नाही. सोबत पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट जोडलं आहे. होकार असो वा नकार, कृपया उलट टपाली कळवावं.