ऑक्टेन आणि अण्णा

८ जुलै, मंगळवार
लामजन्याजवळ स्कूटर पुन्हा बंद! अण्णांना लिंबाखाली बसवलं, किका मारून मारून माझा पाय गळाला. लातूरच्या दवाखान्यात पोचलो तोवर डायलिसिसचा नंबर गेलेला. "आता थेट शुक्रवारी या." पायांवरची सूज तशीच घेऊन परत किल्लारी. अण्णा म्हणाले, "जाऊ दे सुकन्या, गाडीलाबी जीव हाय." मी मात्र दिवसभर चिडूनच राहिले.

९ जुलै
गुंडप्पा मिस्त्रीनं टाकी उघडून दाखवली. तळाला पाणी. "म्याडम, ह्या उसाच्या पेट्रोलनं एव्हरेज तर घालवलंच, आता पाणीबी धरून राहिलंय." वर सल्ला — 'पॉवर'वालं महाग पेट्रोल टाका, ताकद येते. मला राहवेना. ऑक्टेन म्हणजे ताकद नाही रे बाबा! पेट्रोल इंजिनात अवेळी पेटू नये, ठोके बसू नयेत, त्याचं ते माप. ह्यात मिसळलेल्या उसाच्या अल्कोहोलचा, म्हणजे इथेनॉलचा, ऑक्टेन मोठा, पण जळल्यावर ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. म्हणून गाडी कमी पळते. क्लासमध्ये पोरांना हेच शिकवते. शिकवून काय, गाडी ढकलायला मीच.

१० जुलै
अण्णांनी विचारलं, टाकीत पाणी आलं तर गाडी का बंद पडते? लई दिवसांनी त्यांनी काही विचारलं. मग काय, मी सुटलेच. ह्यातलं अल्कोहोल ओल ओढतं. पाणी जास्त झालं की पेट्रोल सोडून पाण्यासंगं तळाला बसतं, अन् इंजिनाला आधी तेच जातं. ते नीट ऐकत होते. बरं वाटलं.

११ जुलै, शुक्रवार
आज पोचलो. डॉक्टर माझ्यावरच खेकसले — "वडिलांची एक खेप चुकली की छातीत पाणी होतं, कळतं का?" अण्णा छताकडे बघत पडून होते.

१५ जुलै
पुन्हा बंद. गल्लीतच. कालच टाकी कोरडी करून नवं पेट्रोल भरलं होतं! जीप धरली. त्या दाटीत अण्णांना ओकाऱ्या सुरू झाल्या, अर्ध्या वाटेत औशातच उतरलो. रस्त्याच्या कडेला त्यांचं तोंड पुसताना मला रडू आलं. "परत जाऊ," म्हणाले. गेलो.

१८ जुलै
आजही बंद. गुंडप्पा म्हणे, गाडी विकून टाका. शेजाऱ्याच्या गाडीवर नेलं. कसंबसं.

२१ जुलै
रात्री अण्णांना आडवं होता येत नाही. बसूनच झोपतात. मी पंपवाल्याशी भांडून आले. त्यानं मापानं तपासून दाखवलं, त्याच्या टाकीत थेंब पाणी नव्हतं. मग माझ्याच टाकीत कुठून येतं? डोकं चालेना झालंय.

२२ जुलै, मंगळवार
पहाटे उठले तर अण्णा अंगणात, स्कूटरची सीट उचलून, टाकीचं झाकण उघडून उभे. हातात पाण्याचा पेला. मला बघून लपवलाही नाही.
"बस झालं आता ते लातूर, पोरी. तुझ्या तोंडावर न्हाई म्हणायची हिंमत न्हवती."
त्यांच्याजवळ ओट्यावर बसले. आज लातूरला गेलो नाही.