दादाच्या पियानोचा खटका

प्रिय दादा,

उद्या सकाळी टेम्पो येतोय आणि माझं अजून ठरत नाही. म्हणून हे पत्र. माझी बदली मंगरूळपीरला झालीय. क्वार्टरमध्ये एकच पियानो मावेल. दुसरा जऊळक्याच्या तुझ्या विद्यार्थिनीकडे जाईल. कोणता नेऊ? जुना की नवा? डोळे मिटण्याआधी सांगून तरी जायचंस!

आठवडाभर दोन्हींसमोर बसतेय. धड बसवत नाही. उठते, फिरते, परत बसते. जुन्याच्या पट्ट्या जड, एखादी अडकणारी. पण दाबली की तारेची थरथर बोटापर्यंत येते. नव्याच्या सगळ्या पट्ट्या एकसारख्या. खटका ओढून हेडफोन लावला, की आतली हातोडी तारेला लागायच्या आधीच थांबते, सूर फक्त वाजवणाऱ्याच्या कानात. वजन तेच, तरी बोट फसतं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं.

तो नवा तू कशाला घेतलास, ते मला माहीत आहे. नाइट ड्युटी करून मी दुपारी झोपायचे आणि एकदा ओरडले होते, "बंद कर ना गा तुहं डबडं! मले झोपू दे!"

तू हसलास. "झोप वं, कुंदे." इतकंच!

मग दोन वर्षं भिंतीपलीकडून नुसती टकटक यायची. मी कूस बदलून झोपायचे. काय वाजवत होतास रे? एकदाही विचारलं नाही मी.

काल अकोल्याचे ट्यूनिंगवाले काका आले. दोन्ही झाकणं उघडली. जुन्याच्या हातोड्यांच्या लोकरीवर तारांचे खोल चरे. नव्याची लोकर गुळगुळीत.

"हा तं कोनी वाजवलाच नाही, ताई," काका म्हणाले.

मी त्यांच्यावर खेकसले. रोज तीन तास वाजवायचा माझा भाऊ! मी मोरीत जाऊन रडले.

मी घरात नसतानाही खटका काढला नाहीस? एवढं कायले मनावर घेतलं, दादा? भांडायचं होतंस ना माझ्याशी! आपण काय कमी भांडलो होतो?

ठरलं. लिहिता लिहिता ठरलं. जुना जऊळक्याला जाऊ दे, त्यानं पुष्कळ ऐकवलंय. नवा मी नेते. मला चार सुरांपलीकडे येत नाही, पण भर दुपारी, खिडक्या उघड्या टाकून वाजवीन. शेजारची एखादी दारात येऊन ओरडली, तर हात जोडीन, वेळ बदलीन, भांडेनसुद्धा. पण तुझ्यासारखी गुमान खटका ओढणार नाही. शब्द देते.

तुझीच,
कुंदा